पाळीची वाट न बघता, एकाच फेरीत

लहानशा दवाखान्यात नर्स म्हणून मी बरीच वर्षं काढली. सुरुवातीला एक बाई गर्भनिरोधक इंजेक्शनसाठी आली होती. कडेवर मूल, पाय धुळीने भरलेले. "पाळी आली की या," म्हणून मी तिला परत पाठवलं. मला तसंच शिकवलं होतं. ती पुन्हा आली ती तीन महिन्यांनी, दिवस गेल्यावर. ते मला अजून टोचतं. लांबून आलेल्या बाईला हेलपाटा पडू नये, म्हणून हे लिहिते आहे.

निघण्याआधी फोन करा, नाहीतर तिकडे जाणाऱ्या कुणाकडून विचारून घ्या: हवं ते साधन शिल्लक आहे का, आणि तांबी बसवणारी व्यक्ती कोणत्या वारी असते? बऱ्याच ठिकाणी ती रोज नसते.

सोबत चालू औषधांची पाकिटं न्या, रिकामी असली तरी चालतील. टीबीचं औषध चालू असेल तर ते मुद्दाम दाखवा. त्यातल्या रिफाम्पिसिनमुळे गर्भनिरोधक गोळ्यांचा आणि दंडात बसवायच्या इम्प्लांटचा (बारीक कांडीचा) असर कमी होतो. फिट्सवरच्या काही गोळ्यांचंही तसंच. तांबी आणि तीन महिन्यांचं इंजेक्शन मात्र चालतं.

आता तेच वाक्य, "पाळीत या." गोळ्या, इंजेक्शन, तांबी, काहीही सुरू करायला पाळी चालू असावीच लागते असं नाही. दिवस गेलेले नाहीत एवढी खात्री पुरते. पाळी सुरू होऊन सात दिवस झालेले नाहीत, किंवा गेल्या पाळीपासून संबंध आलेला नाही, किंवा दुसरं साधन न चुकता वापरताय, किंवा बाळ चार आठवड्यांच्या आतलं आहे, किंवा गर्भपाताला सात दिवस झालेले नाहीत, किंवा बाळ सहा महिन्यांच्या आतलं, फक्त अंगावर पिणारं आहे आणि पाळी परत आलेली नाही: यातलं एक जरी लागू असेल तर सिस्टरला तसं स्पष्ट सांगा. पाळी सुरू होऊन सात दिवस उलटल्यावर इंजेक्शन घेतलं, किंवा पाच दिवस उलटल्यावर मिश्र गोळ्या (दोन हार्मोन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या) सुरू केल्या, तर पहिले सात दिवस सोबत कंडोम वापरा. वर सांगितलेल्यातलं काहीच लागू नसेल तर लघवीची तपासणी करायला सांगा; आणि निदान कंडोम व पुढच्या पाळीला सुरू करायच्या गोळ्या घेतल्याशिवाय उठू नका.

गोळ्या-इंजेक्शनसाठी आतून तपासणी किंवा रक्त तपासायची गरज नसते. मिश्र गोळ्यांसाठी बीपी मात्र बघावंच लागतं. चालून आल्या आल्या दंडाला पट्टा बांधू देऊ नका. पाच मिनिटं पाठ टेकून बसा, पाय जमिनीवर, हात टेबलावर, गप्पा बंद. घाईत मोजलेल्या बीपीमुळे नाहक नकार मिळालेल्या बायका मी पाहिल्या आहेत. पस्तिशी उलटली असून तुम्ही धूम्रपान करत असाल, डोळ्यांपुढे झगमग दिसून डोकं दुखत असेल किंवा सहा महिन्यांच्या आतलं बाळ अंगावर पीत असेल, तर मिश्र गोळ्या नकोत, दुसरं साधन मागा.

गोळ्यांचं एकच पाकीट घेऊन परतू नका. वर्षभराच्या गोळ्या एकदम द्यायला जागतिक आरोग्य संघटनेचीही हरकत नाही. इंजेक्शन ठरल्या तारखेच्या दोन आठवडे आधी घेता येतं आणि चार आठवडे उशीर झाला तरी चालतं, हे रस्ता बंद असतो तेव्हा फार कामी येतं. त्वचेखाली घ्यायचं इंजेक्शन मिळत असेल तर ते स्वतः टोचायला शिकून घ्या. वर्षभरात मूल हवं असेल तर इंजेक्शन टाळा. बंद केल्यावरही दिवस राहायला कित्येक महिने लागू शकतात.

निघताना तातडीची गोळी मागून घरी ठेवा. संबंधानंतर जितकी लवकर घ्याल तितकी चांगली, तीन दिवसांच्या आत. पाचव्या दिवसापर्यंत घेता येते, पण असर उतरत जातो. पाच दिवसांच्या आत तांबी बसवली तर तिचा असर गोळीहून खात्रीचा.

घरात कुणाला कळू द्यायचं नसेल तर आल्या आल्याच सांगा. इंजेक्शनचं पाकीट घरी न्यावं लागत नाही, आणि कार्ड दवाखान्यातच ठेवायला सांगता येतं. पुढची तारीख तेवढी पाठ करून निघा.