आधी डबा, मग सूर्यनमस्कार

पर्यावरणाला जपून राहायचं मनावर घेतलं की माणूस आधी खरेदीला निघतो. बांबूचे ब्रश, स्टीलचे स्ट्रॉ, कॉर्कची योगा मॅट, महागडी कंपोस्ट बास्केट. त्यातलं निम्मं पुढच्या दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावर सापडतं. म्हणून माझं पहिलं सांगणं एवढंच, की सुरुवातीचे दोन-तीन महिने काहीही विकत घेऊ नका. पतंजलींनी सांगितलेल्या योगाच्या आठ अंगांत आसनाचा नंबर तिसरा आहे. त्याआधी यम आणि नियम येतात, आणि पाच यमांतला शेवटचा अपरिग्रह, म्हणजे गरजेपेक्षा जास्त गोळा करायचं नाही. आपण ते दोन्ही ओलांडून थेट तिसऱ्यावर उडी मारतो, तीही नवी मॅट घेऊन.

मी वीज मंडळातून निवृत्त झालेला माणूस, पुण्यात कोथरूडला तिसऱ्या मजल्यावर राहतो. घरात आम्ही दोघंच. संतुलन म्हटलं की मला तीन फेज आठवतात. लोड तिन्हींवर सारखा वाटला तर न्यूट्रल, म्हणजे परतीची तार, थंड राहतो; सगळा एकाच फेजवर टाकला तर न्यूट्रल तापत जातो. रोज दीड तास प्राणायाम करून ओला-सुका कचरा एकाच पिशवीत कोंबणारे लोक आमच्या सोसायटीत आहेत. दिवसभर पर्यावरणावर मेसेज पाठवणारे आणि खाली वाकलं की कंबर धरणारेही आहेत. म्हणून सकाळचा एकच तास घ्या आणि घर, शरीर, बाहेरचं झाड तिघांनाही त्यातूनच वाटा द्या.

सुरुवात कचऱ्याच्या डब्यापासून करा. वीस लिटरचे रंगाचे रिकामे डबे कुठल्याही पेंटरकडे मिळतात. असे दोन आणा. बुडाला सात-आठ आणि बाजूंनी चार-चार बोटांवर भोकं पाडा. ड्रिल नसेल तर जुना स्क्रूड्रायव्हर गॅसवर तापवून चालतो, पण ते काम गॅलरीतच करा, प्लॅस्टिकचा धूर नाकात जाऊ देऊ नका. डबा दोन विटांवर ठेवा, खाली जुनी ताटली. तळाशी नारळाच्या शेंड्या, त्यावर वीतभर सुका पालापाचोळा. मग भाजीचे देठ, साली, चहाचा चोथा, निर्माल्य असं रोजचं ओलं बारीक करून टाका आणि त्याच्या दुप्पट सुकी पानं वर पसरा. हारातला दोरा आणि जरीच्या तारा आधी काढून घ्या. ओलं वरून दिसता कामा नये, हा नियम पाळला की निम्म्या तक्रारी उद्भवतच नाहीत. विरजण म्हणून वाटीभर आंबट ताक किंवा शेजाऱ्याकडचं मूठभर तयार खत पुरतं. पावडरी विकत घेऊ नका.

तेलकट उरलंसुरलं, हाडं, दुधाचा चहा यात नको. लिंबा-संत्र्याच्या साली थोड्या चालतात, फार झाल्या तर त्यांचं फरशी पुसायचं पाणी करता येतं: एक भाग गूळ, तीन भाग साली, दहा भाग पाणी, तीन महिने. पहिला महिना झाकण रोज सैल करून गॅस सोडा आणि बाटली प्लॅस्टिकचीच घ्या, काचेची फुटते. गाळलेलं पाणी फरशी पुसायला उत्तम.

दर दोन दिवसांनी खुरप्याने खालचं वर करा. मग हातात मूठभर घेऊन दाबून बघा. लाडू वळला आणि पाणी ठिबकलं नाही तर सगळं ठीक. बोटांमधून पाणी आलं किंवा आंबूस वास सुटला तर हवा कमी पडते आहे. सुकी पानं नाहीतर लाकडाचा भुसा घाला आणि पुन्हा हलवा. मुंग्या झाल्या तर उलट, कोरडं पडलंय, पाणी शिंपडा. पावसाळ्यात मातकट रंगाच्या जाड, चपट्या अळ्या दिसतात. आमच्याकडे त्या पहिल्यांदा दिसल्या तेव्हा हिने डबा आणि नवरा दोन्ही घराबाहेर काढायची भाषा केली होती. त्या काळ्या सैनिक माशीच्या अळ्या. चावत नाहीत, आणि ती माशी घरमाशीसारखी ताटावर घोंगावत नाही. उलट कचरा झपाट्याने खातात. पानांचा थर जाड करा म्हणजे नजरेआड राहतील.

एक डबा भरला की दीड-दोन महिने बाजूला ठेवा आणि दुसरा सुरू करा. तयार खत काळपट, रवाळ असतं आणि त्याला पहिल्या पावसाचा वास येतो. ते उकिडवं बसून चाळायचं. टाचा टेकवून, गुडघे उघडून, पाठ सरळ ठेवून बसलात तर ते मलासनच झालं. टाचा उचलल्या जात असतील तर खाली घडी केलेलं पोतं घ्या. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्यांनी सरळ स्टुलावर बसावं, खत तेवढंच चाळलं जातं.

सगळ्यात मोठी अडचण कचऱ्याची नसते, सुक्या पानांची असते. फेब्रुवारी-मार्चमध्ये सोसायटीत पानांचे ढीग पडतात आणि कोणीतरी ते कोपऱ्यात पेटवतं. झाडणाऱ्या मावशींशी आधीच बोलून ठेवा, पोती तुम्ही द्या. सोनमोहराची आणि पर्जन्यवृक्षाची बारीक पानं लवकर कुजतात. आंब्याची चिवट असतात, ती पायाखाली चुरून टाका. जूनच्या आत चार-पाच पोती कोरड्या जागी भरून ठेवा, नाहीतर पावसाळ्यात हात चोळत बसाल.

सुक्या कचऱ्याचं फार बोलत नाही. तो धुऊन, कोरडा करून द्या. पुण्यात ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची स्वतःची सहकारी संस्था 2008 पासून घरोघरी कचरा गोळा करते. त्यातल्या ताईंना पुढे तो हातानेच निवडायचा असतो. सॅनिटरी पॅड, डायपर कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढा, म्हणजे त्यांना पुडी उघडून बघावी लागत नाही. अहिंसेवर प्रवचन ऐकायला जाण्यापेक्षा हा ठिपका सोपा आहे.

हात धुतले की आसनं. पोट रिकामं हवं, जेवणानंतर तीन-चार तास गेलेले हवेत. मॅट घरात असेल तर ती फाटेपर्यंत वापरा, प्लॅस्टिकची आहे म्हणून फेकून नवी ‘इको’ मॅट आणण्यात काही अर्थ नाही. नसेल तर उभ्याची आसनं उघड्या फरशीवर अनवाणी करा, पाय घसरत नाहीत. बसायला, निजायला घोंगडी किंवा दुहेरी सतरंजी घ्या. बी. के. एस. अय्यंगार गुरुजींनी याच पुण्यात खुर्ची, भिंत, दोर, विटा आणि घोंगड्यांना आसनाची साधनं बनवलं. मॉडेल कॉलनीतली त्यांची संस्था 1975 ची. घोंगडी कुठे दुमडायची हे तिथे ज्या बारकाईने शिकवतात ते पाहिलं की दुकानातल्या निम्म्या वस्तू अनावश्यक वाटायला लागतात.

माझा क्रम साधा आहे. ताडासनात थोडं थांबायचं, दोन्ही तळव्यांवर वजन सारखं आहे का ते पाहायचं. मग सूर्यनमस्कार, सावकाश. सातारा जिल्ह्यातल्या औंध संस्थानच्या राजांनी, पंतप्रतिनिधींनी, ते गावोगावच्या शाळांत पोचवले तेव्हा हातात घड्याळ धरून किती झाले ते कोणी मोजतही असेल. साठीनंतर मोजदाद सोडा. वर जाताना श्वास आत, वाकताना बाहेर, आणि श्वास तुटला की तिथेच थांबा. रक्तदाब असेल तर श्वास कोंडू नका. मानेचा किंवा मणक्याचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय वाकू नका. वृक्षासन गॅलरीचा कठडा हाताशी ठेवून करा. नजर समोरच्या झाडाच्या शेंड्यावर लावू नका, शेंडा हलतो आणि तुम्हीही हलता. बुंध्यावर लावा. शेवटी शवासन, फोन दुसऱ्या खोलीत.

प्राणायामाबद्दल एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. हिवाळ्यात पहाटे थंड हवा खाली बसते, वरची ऊबदार राहते, आणि रस्त्यावरचा धूर, शेकोट्यांचा धूर त्यात अडकून राहतो. डिसेंबरात पहाटे पाचला रस्त्याकडच्या गॅलरीत दीर्घश्वसन करणं म्हणजे तो धूर मन लावून ओढणं. ऊन चांगलं वर येऊ द्या, मग बसा.

आंघोळीचा हिशेब माझ्या खात्यातला, म्हणून देतो. वीस लिटर पाणी 25 अंशांवरून 40 वर न्यायला साधारण 0.35 युनिट लागतं. शॉवरखाली तेवढं पाणी काही मिनिटांत जातं आणि माणूस अजून साबणच शोधत असतो. बादली घ्या. गीझर दिवसभर चालू ठेवू नका. जुना पंखा 75 वॅटचा असतो, कमी वीज खाणारा नवा बीएलडीसी पंखा तीसच्या आसपास. पण जुना बिघडल्यावरच बदला. खडकवासल्याचं नळाचं पाणी येत असेल तर आरओची गरज सहसा नसते, त्यात क्षार मुळातच कमी असतात. टँकर किंवा बोअर असेल आणि आरओ लागतच असेल, तर त्याचं बाहेर पडणारं पाणी लादी पुसायला वापरा.

आठवड्यातून दोनदा तरी टेकडीवर जा. आम्हाला वेताळ टेकडी जवळ. ठरलेल्या पायवाटेनेच चाला, नव्या वाटा पाडू नका. उन्हाळ्यात भकास दिसणारं ते गवताळ माळरान मेलेलं नसतं, गवताचं बी तिथेच पडलेलं असतं. उत्साहाने मिळेल ते रोप नेऊन लावू नका आणि बीजगोळे, म्हणजे आत बी घातलेले मातीचे गोळेही, फेकू नका. टेकड्यांवर गिरिपुष्प असंच भराभर हिरवं करायला लावलं गेलं. ते मध्य अमेरिकेतलं झाड, फोफावलं आणि स्थानिक गवताची जागा घेऊन बसलं. काही करायचंच असेल तर वनखात्याला किंवा तिथल्या जाणकारांना विचारून सालई, पळस, पांगारा यांसारख्या तिथल्याच झाडांना उन्हाळ्यात पाणी घाला. मोरांना शेव-फरसाण टाकू नका. गाणी कानात घालून जा किंवा घरीच ठेवा, स्पीकरवर मात्र नको. एखाद्या दगडावर बसून भ्रामरी, म्हणजे भुंग्यासारखा गुंजारव करायचा प्राणायाम, करायची असेल तर कोणी हरकत घेत नाही, फक्त कुत्री जरा जवळ येऊन बघतात.

गावाला जाताना लोक हे सगळं मोडतात आणि परत आल्यावर सुरूच करत नाहीत. आठ-दहा दिवस डब्याचं काही बिघडत नाही. निघायच्या आदल्या दिवशी हलवून घ्या, शेवटचा ओला कचरा टाका, वर चांगला जाड पानांचा थर द्या आणि झाकण अर्धवट ठेवा. कुंड्या एकमेकींना चिकटवून सावलीत ओढा, मातीवर पानं पसरा. गीझर, टीव्ही, सेट टॉप बॉक्स यांची बटणं भिंतीवरून बंद करा. दहा वॅट खाणारं यंत्र नुसतं लावून ठेवलं तरी महिन्याला सात युनिटं जातात. नातेवाइकांकडे आसनांना जागा नसते ही सबब चालायची नाही. खुर्ची आणि भिंत प्रत्येक घरात असते, मावशीच्या घरीसुद्धा. फक्त त्यांच्या केराच्या डब्यावर पहिल्याच दिवशी व्याख्यान देऊ नका, निदान चहा होऊ द्या.