बाप होण्याआधी पुरुषाने करावयाची औषधांची तयारी

मूल हवे असे ठरले की तपासण्या सहसा पत्नीच्या सुरू होतात आणि पतीच्या औषधांचा विषय कुणी काढत नाही. शुक्रजंतू तयार होऊन परिपक्व होण्यास सुमारे तीन महिने लागतात, म्हणून पुरुषाने ही तयारी निदान तेवढी आधी सुरू करावी.

प्रथम घेत असलेल्या प्रत्येक औषधाचे नाव, मात्रा आणि ते कधीपासून चालू आहे हे लिहून काढावे. त्यात केसगळतीवरील फिनास्टेराइड, जिममध्ये मिळालेली इंजेक्शने आणि जाहिरात पाहून आणलेली चूर्णेही लिहावीत. संकोचापोटी नेमके हेच सांगायचे राहते. बाहेरून घेतलेल्या टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकामुळे मेंदूकडून वृषणांना मिळणारे संकेत दबतात व शुक्रजंतूंची निर्मिती जवळजवळ थांबू शकते, हे अनेकांच्या गावीही नसते.

फिट्स किंवा बायपोलर विकारासाठी व्हॅल्प्रोएट चालू असल्यास त्याविषयी स्वतंत्रपणे विचारावे. डेन्मार्क, नॉर्वे व स्वीडनमधील नोंदींनुसार, गर्भधारणेपूर्वीच्या तीन महिन्यांत वडील हे औषध घेत असलेल्या मुलांपैकी शंभरात सुमारे पाच जणांना मेंदूच्या विकासाशी संबंधित विकार आढळले, तर वडील लॅमोट्रिजिन किंवा लेव्हेटिरासिटाम ही फिट्सवरची दुसरी औषधे घेत असलेल्यांत सुमारे तिघांना. याने कारण सिद्ध होत नाही. तरीही २०२४ मध्ये युरोपीय औषध संस्थेने सावधगिरीच्या सूचना दिल्या. त्यांनुसार उपचार चालू असताना व ते थांबल्यावर तीन महिने गर्भनिरोधक वापरण्याविषयी डॉक्टरांशी बोलावे आणि वीर्यदान टाळावे. मात्र गोळी परस्पर बंद करू नये. अचानक थांबवल्यास उसळणारी फिट जिवावर बेतू शकते.

संधिवातासारख्या आजारांवरील मेथोट्रेक्सेट किंवा अवयव प्रत्यारोपणानंतर दिले जाणारे मायकोफेनोलेट घेणाऱ्यांनी गर्भधारणेसाठी किती काळ थांबावे हे तज्ज्ञाकडूनच ठरवून घ्यावे. आतड्यांची सूज व संधिवात यांवरील सल्फासलाझिनने शुक्रजंतू कमी होतात, पण ते बंद केल्यावर दोन-तीन महिन्यांत संख्या बहुधा पूर्ववत होते. कर्करोगासाठी केमोथेरपी ठरली असल्यास पहिल्या डोसाआधीच वीर्य गोठवून ठेवण्याची चौकशी करावी; नंतर ती संधी हातची जाऊ शकते.

औषध बदलले वा थांबवले तर ती तारीख त्याच कागदावर नोंदवावी, म्हणजे तीन महिने अंदाजाने मोजावे लागणार नाहीत. औषध चालू असतानाच गर्भधारणा झाली, तर न घाबरता दोघांनी मिळून लगेच डॉक्टरांना कळवावे.