माळी प्रशिक्षण घेताय? पहिला पावसाळा सोडू नका

माळी प्रशिक्षणाला नाव घातलं की घरातून ठरलेला प्रश्न येतो, 'झाडांना पाणी घालायला वर्षभर काय शिकायचं?' वाद घालत बसू नका. पहिलं कलम फुटलं की घरी नेऊन दाखवा.

हा कृषी विद्यापीठांचा एका वर्षाचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम. कृषी पदविका वेगळी, ती जास्त काळाची आणि तिच्यात पुस्तकं जास्त. प्रवेशाची अट आणि फी त्या वर्षीच्या माहितीपत्रकातच बघा, मागच्या बॅचच्या मुलांचं ऐकून जाऊ नका. मी शिकलो कोकणात, दापोलीच्या विद्यापीठाकडे, म्हणून माझे हात आंबा-काजू-सुपारीवर बसले. विदर्भात शिकलात तर जंबेरी लिंबाच्या खुंटावर, म्हणजे खालच्या मुळाच्या रोपावर, संत्र्याचा डोळा भरत बसाल. पुढे ज्या भागात काम करायचं, तिथेच शिकलेलं बरं.

कोकणात अडचण अशी की सगळ्यात मोलाचं काम अगदी सुरुवातीलाच येतं. आंब्याचं कोय कलम, म्हणजे कोयीतून नुकत्याच उगवलेल्या रोपावर चांगल्या जातीची काडी बसवणं, जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत बांधायचं. वर्गातली ओळखपाळख होईपर्यंत हंगाम निम्मा सरलेला असतो आणि त्यानंतर थेट पुढच्या पावसात, म्हणजे तुमचा कोर्स संपल्यावर! म्हणून पहिले दोन महिने आजारपण सोडून दांडी मारू नका.

रायवळ, म्हणजे गावठी, आंब्याच्या कोया पाण्यात टाकून तरंगणाऱ्या काढून टाकतात, बुडालेल्या गादीवाफ्यावर लावतात. कोयीची उगवणशक्ती झपाट्याने जाते, म्हणून हे काम लांबवून चालत नाही. रोप पंधरा-वीस दिवसांचं, पानं अजून तांबूस, तेव्हाच ते कलमाला घ्यायचं. कोय रोपाला चिकटलेलीच ठेवायची, कारण सुरुवातीची शिदोरी तिच्यात असते. शेंडा छाटून खोडाला मधोमध उभी चीर द्यायची. मातृवृक्षावरची, म्हणजे जी जात हवी त्या झाडावरची, समजा हापूसची, तीन-चार महिन्यांची, डोळे फुगलेली काडी घ्यायची. तिची पानं आठवडाभर आधीच देठ ठेवून कापलेली असतात. तिच्या खालच्या टोकाला दोन्ही बाजूंनी तासून पाचर करायची आणि चिरेत बसवायची. खुंट नि काडी सारख्या जाडीची मिळाली तर उत्तम. नाही मिळाली तर निदान एका बाजूला सालीखालचा हिरवट ओला थर जुळलाच पाहिजे, कारण जोड तिथूनच धरतो. मग प्लास्टिकची पट्टी खालून वर घट्ट आवळत आणायची.

पाचरीचा काप एका ओढीत यायला हवा. दोनदा तासलं की पृष्ठभाग खडबडीत होतो, मध्ये पोकळी राहते आणि काडी काळी पडते. हे पुस्तकात एका ओळीत लिहिलंय, हाताला कळायला शेकडो काड्या वाया जातात. आमचे सर आंब्यावर बसवण्याआधी जास्वंदीच्या नि तगरीच्या फांद्या तासायला लावायचे. कंटाळा यायचा, पण पद्धत बरोबर होती. चाकू स्वतःचा घ्या, धार लावायचा दगडही. आणि चीक डोळ्यांजवळ जाऊ देऊ नका, आंब्याचा चीक कातडी जाळतो.

बांधल्यावर खरी राखण सुरू होते. जोडाखाली खुंटाला फूट येते, ती दिसली की खुडायची. नाहीतर खुंट वाढतो आणि वरचा हापूस उपाशी मरतो. नेमकं याच सुमारास गणपती येतात. सगळा वर्ग गावी. आपल्या ओळीकडे कोण बघणार ते ठरवल्याशिवाय एसटीत बसू नका.

बोर्डो मिश्रण या बुरशीनाशकाचं प्रात्यक्षिक पुढे उभं राहून करा, सुपारीच्या बागायतदाराला कोळे रोगासाठी, म्हणजे बुरशीने होणाऱ्या फळगळीसाठी, ते लागतंच. एक टक्क्याचं म्हणजे एक किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), एक किलो चुना, शंभर लिटर पाणी. मोरचूद प्लास्टिकच्या बादलीतच विरघळवायचं. तयार मिश्रणात लोखंडी पातं बुडवून बघायचं. त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय, आणखी घाला.

लेखी परीक्षेचा बाऊ नको. खताचं गणित मात्र जमवाच: युरियात 46 टक्के नत्र, म्हणजे झाडाला 500 ग्रॅम नत्र द्यायचं तर सुमारे 1087 ग्रॅम युरिया. बागमालक हेच विचारतो. शास्त्रीय नावं मी पाठ केली आणि विसरलो, काही अडलं नाही.

कामाचं म्हणाल तर मुंबई-पुण्याकडे लॅण्डस्केपवाले घेतात, पण तिथे लॉन, कुंपणाची छाटणी आणि ठिबकच जास्त. कलमाचा हात गंजतो. रोपवाटिकांत कलम बांधणाऱ्याला बरेचदा नगावर पैसे मिळतात. ठरवतानाच विचारा, बांधलेल्या कलमाचे की जगलेल्या कलमाचे. स्वतःची फळरोपवाटिका काढणार असाल तर 1969च्या कायद्यानुसार परवाना लागतो. त्यासाठी तालुका कृषी कार्यालयात चौकशी करा, आणि मातृवृक्ष कुठले, कुठून आणले याची नोंदवही पहिल्या झाडापासून ठेवा. गिऱ्हाईक हापूस म्हणून नेतं आणि खरं-खोटं त्याला फळ धरल्यावर, काही वर्षांनी कळतं. तोवर तुमची वहीच तुमच्या बाजूने बोलणार.