गेम बदलला तरी नेम तोच: माउसची सेन्सिटिव्हिटी कशी जुळवावी

एका शूटर, म्हणजे गोळीबाराच्या, गेममधला सेन्सिटिव्हिटीचा आकडा, म्हणजे माउस हलवल्यावर नजर किती वळते ते ठरवणारा आकडा, दुसऱ्या गेममध्ये जसाच्या तसा टाकला की नेम हमखास बिघडतो. आकडा एकच असला तरी प्रत्येक गेम त्याचा अर्थ वेगळा लावतो. त्यामुळे गेममधल्या पात्राने एक पूर्ण गिरकी घ्यायला माउस किती सेंटिमीटर सरकवावा लागतो, ते मोजायचं आणि दुसऱ्या गेममध्ये तेवढंच अंतर येईपर्यंत आकडा बदलायचा.

मोजण्याआधी विंडोजच्या माउस सेटिंगमधलं ‘एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन’ बंद करा. ते चालू असलं की हात झपकन हलवल्यावर पॉइंटर जास्त लांब जातो, आणि हाताला अंतराची सवय लागतच नाही. गेममध्ये ‘रॉ इनपुट’ (माउसची हालचाल विंडोजच्या फेरफाराविना थेट घेणारं सेटिंग) असेल तर ते चालू ठेवा. डीपीआय, म्हणजे माउस एक इंच सरकल्यावर किती टप्पे मोजतो तो आकडा, ८०० ठेवा आणि पुन्हा त्याला हात लावू नका. दृश्यकोन, म्हणजे एफओव्ही, आत्ताच ठरवून टाका. तो वाढवला की लक्ष्यं लहान दिसतात आणि तोच माउस मंद वाटू लागतो. हे नंतर बदललं तर सगळी मेहनत वाया.

आता सरावाच्या मॅपमध्ये भिंतीच्या एखाद्या कोपऱ्यावर क्रॉसहेअर, म्हणजे पडद्याच्या मधली नेमाची खूण, धरा. माउसपॅडशेजारी पट्टी ठेवा आणि तोच कोपरा पुन्हा समोर येईपर्यंत माउस सरळ उजवीकडे न्या. पॅड अपुरा पडला तर अर्धी गिरकी मोजून दुप्पट करा. पडताळ्यासाठी: काउंटर-स्ट्राइक २ मध्ये ८०० डीपीआय आणि सेन्सिटिव्हिटी १ असेल तर गिरकीला साधारण ५२ सेंमी लागतात, २ असेल तर २६. व्हॅलोरंटमध्ये तेच अंतर हवं असेल तर काउंटर-स्ट्राइकच्या आकड्याला ३.१८ ने भागा. १ चे ०.३१४ होतात.

दबा धरून खेळायच्या गेमला ३५ ते ५५ सेंमी बरे, कारण तिथे बारीक नेम कोपरापासून हात हलवून साधतो. डूम इटर्नलसारख्या गेममध्ये शत्रू चहूबाजूंनी अंगावर येतात, तिथे २० ते ३० सेंमी हवेत. म्हणून वेगळ्या प्रकारच्या गेममध्येही एकच अंतर ठेवण्याचा हट्ट नको.

क्रॉसहेअर सतत लक्ष्याच्या पुढे जात असेल तर सेन्सिटिव्हिटी १० टक्के कमी करा, अलीकडेच अडकत असेल तर तितकीच वाढवा. मग चार-पाच दिवस तीच ठेवा. रोज बदलणाऱ्याचा नेम कधीच बसत नाही. कधी पुढे, कधी मागे होत असेल तर दोष आकड्यात नसतो. गेमच्या सेटिंगमधलं मोशन ब्लर (हलताना चित्र धूसर करणारं) आणि व्ही-सिंक (गेमची चित्रं पडद्याच्या वेगाशी जुळवणारं) बंद करून पाहा. व्ही-सिंकमुळे हाताची हालचाल पडद्यावर उशिरा दिसते.

एवढं करूनही गोळ्या भरकटत असतील तर पात्राचे पाय बघा. काउंटर-स्ट्राइक आणि व्हॅलोरंटमध्ये धावताना झाडलेली गोळी क्रॉसहेअरवर जाईलच असं नाही. डावीकडे धावताय तर ‘ए’ (डावीकडे नेणारी कळ) सोडून ‘डी’ला (उजवीकडची कळ) निसटता टोला द्या, पात्र जागच्या जागी थांबेल, आणि मगच गोळी झाडा. डूम इटर्नलमध्ये मात्र असे थांबलात तर मेलात.