आयआरएसची सीपी14 नोटीस आली तर: दंड कसा माफ होतो

नोटिशीच्या कोपऱ्यात सीपी14 दिसलं म्हणजे ते आयआरएसचं, म्हणजे अमेरिकेच्या कर खात्याचं, थकबाकीचं पहिलं बिल. घाबरून लगेच सगळी रक्कम भरू नका, आधी फोड करा. आयआरएसच्या ऑनलाइन खात्यातून अकाउंट ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे खात्यातल्या नोंदींचा उतारा, काढा. त्यातल्या कोडपैकी 166 म्हणजे रिटर्न उशिरा भरल्याचा दंड, 276 म्हणजे कर उशिरा भरल्याचा, आणि 196 म्हणजे व्याज.

6,000 डॉलर कर आणि रिटर्न दोन्ही तीन महिने रखडले, तर 166 खाली महिना साडेचार टक्क्यांनी 810 आणि 276 खाली अर्ध्या टक्क्याने 90. म्हणून हातात पैसे नसले तरी रिटर्न वेळेत भराच. खरा फटका तिथेच बसतो.

आधीची तीन वर्षं स्वच्छ, म्हणजे दंडाविना, असतील, सगळी रिटर्न्स भरलेली असतील आणि कर भरला किंवा हप्ते बांधले असतील, तर नोटिशीवरच्या नंबरला फोन करून स्पष्ट शब्दांत ‘फर्स्ट टाइम अबेटमेंट’, म्हणजे पहिल्या चुकीची दंडमाफी, मागा. दंड आधीच भरला असेल तर तो परत मागायला फॉर्म 843. करावरचं व्याज मात्र माफ होत नाही. माफ झालेल्या दंडावरचं तेवढं जातं.

एकूण थकबाकी 50,000 डॉलरपर्यंत असेल तर हप्ते ऑनलाइनच बांधता येतात.

भारतात परतलेल्यांनी फॉर्म 8822 भरून पत्ता बदलायलाच हवा. जप्तीची अंतिम नोटीस जुन्या पत्त्यावर गेली तरी सुनावणी मागण्याचे, म्हणजे फॉर्म 12153 चे, 30 दिवस चालूच राहतात.