प्रोटिओपीडियावर पहिलं पान लिहिताना

प्रोटिओपीडिया हा प्रथिनांच्या त्रिमितीय संरचनांचा ज्ञानकोश २००७ साली इस्रायलच्या वाइझमन इन्स्टिट्यूटमध्ये सुरू झाला. मजकुराशेजारी रेणू फिरत असतो आणि हिरव्या लिंकवर क्लिक केलं की वाक्यात जे म्हटलंय ते डोळ्यांसमोर येतं. बायोकेमिस्ट्री शिकणाऱ्या प्रत्येकाने इथे एक पान लिहावंच. संरचना आपल्याला किती कळली, हे दृश्य बनवायला बसलं की लगेच उघड होतं.

खातं खऱ्या, पूर्ण नावानेच मिळतं; पानाखाली लेखकांची नावं झळकतात. सुरुवात सँडबॉक्समध्ये, म्हणजे सरावाच्या पानावर करा.

विषय आटोपशीर हवा. अख्खं हिमोग्लोबिन घेऊ नका, सिकलसेलमधला एकच संपर्क घ्या. विदर्भातल्या मुलांना हा आजार नावाने तरी माहीत असतोच. त्याची पीडीबी (प्रोटीन डेटा बँक या संरचनांच्या संग्रहातली) फाइल २एचबीएस. हिमोग्लोबिनमध्ये चार साखळ्या असतात, दोन अल्फा आणि दोन बीटा. सिकलसेलमध्ये बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन हे अमिनो आम्ल येतं आणि ते शेजारच्या हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत, फिनाइलअॅलानिन ८५ आणि ल्युसिन ८८ यांच्यामधल्या खोबणीत जाऊन बसतं. रेणू एकमेकांना चिकटून तंतू होतात ते यामुळे. पानाचा सगळा जोर या एका दृश्यावर असू द्या.

पान एडिटला घेऊन सीन ऑथरिंग टूल्स, म्हणजे दृश्य बनवायची साधनं उघडा आणि २एचबीएस हा कोड टाकून रेणू लोड करा. क्रम पाळा: आधी निवड, मग रूप, मग रंग. सगळं प्रथिन फिकट कार्टूनमध्ये (साखळीची पट्टी दाखवणारं रूप) ठेवा, व्हॅलिन स्पेसफिलमध्ये (अणू पूर्ण आकाराच्या गोळ्यांसारखे दाखवणारं रूप), खोबणीतली दोन अमिनो आम्लं वेगळ्या रंगात. निवडताना साखळीचं अक्षर द्यायलाच हवं. नुसता ६ क्रमांक दिलात तर अल्फा साखळ्यांमधलं अॅस्पार्टिक आम्लही रंगतं, कारण या फाइलमध्ये दोन हिमोग्लोबिन, म्हणजे आठ साखळ्या आहेत. शिवाय प्रत्येक हिमोग्लोबिनमधल्या दोन व्हॅलिनांपैकी एकच असा संपर्क करतं. ते कोणतं, हे रेणू फिरवून, जवळ जाऊन शोधा. तोच खरा अभ्यास. दृश्य सेव्ह झालं की मिळालेला टॅग मजकुरात चिकटवा आणि पानही सेव्ह करा, नाहीतर वाचकाला लिंक दिसणारच नाही.

तुलनेसाठी ऑक्सिजनयुक्त हिमोग्लोबिनची १एचएचओ फाइल उघडलीत तर दोनच साखळ्या दिसतील. हिमोग्लोबिन दोन साखळ्यांचं असतं असं त्यावरून लिहू नका. स्फटिकाच्या सममितीमुळे फाइलमध्ये अर्धाच रेणू नोंदवलेला असतो; चार साखळ्यांचा पूर्ण रेणू हवा तर बायॉलॉजिकल असेंब्ली लोड करा.