रेडिएशननंतर तोंड सुकतं म्हणून दिलेली गोळी आणि तिचे ताप

बाबांचं रेडिएशन संपलं पण तोंड काही ओलं होईना, भाकरीचा घास ताकाशिवाय उतरायचा नाही. मग डॉक्टरांनी पायलोकार्पिन सुरू केलं, 5 मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा. तिसऱ्याच दिवशी बाबा म्हणाले, बंद कर ती गोळी, फॅनखाली बसून बनियन पिळायची वेळ आलीय!

ही गोळी लाळेच्या ग्रंथींना जागं करते, पण सोबत घामाच्या ग्रंथी, आतडी, मूत्राशय सगळ्यांनाच डिवचते. म्हणून घाम (हा सगळ्यात कॉमन), मधेच थंडी वाजणं, नाक गळणं, चेहरा गरम होणं, मळमळ, सारखी लघवी.

आम्ही काय केलं ते सांगते. गोळी जेवणासोबत किंवा जेवल्या जेवल्या लगेच, त्याने मळमळ कमी झाली. पण तर्रीवालं तेलकट जेवण नको, गोळी अंगात उशिरा भिनते. शेवटची गोळी रात्रीच्या जेवणासोबत, झोपताना नाही. सुती कपडे, जवळ टॉवेल, आणि पाणी दिवसभर घोट घोट, कारण घामाने जेवढं जातं तेवढं परत भरायला हवं नाहीतर चक्कर येते, फक्त किडनी किंवा हार्टमुळे पाणी मोजून प्यायला सांगितलं असेल तर आधी विचारा. रात्री गाडी बाबांकडून काढून घेतली, अंधारात धूसर दिसू शकतं. भांडण झालं, चालतं.

तरी झेपत नसेल तर डोस डॉक्टरांकडून कमी करून घ्या, मनाने अर्धी गोळी नको.

आता खरं महत्त्वाचं. दमा कंट्रोलमध्ये नसेल, अँगल क्लोजर प्रकारचा (डोळ्यातलं पाणी बाहेर जायची वाट बंद होते तो) काचबिंदू असेल किंवा डोळ्याच्या आत सूज असेल तर ही गोळी घ्यायचीच नाही. गंमत म्हणजे याच औषधाचे ड्रॉप्स काचबिंदूला वापरतात, म्हणून लोक गोंधळतात. सीओपीडी (फुफ्फुसांचा जुनाट धाप लागणारा आजार), हार्टचा त्रास, पित्ताचे खडे किंवा मूतखडे असतील, बीपीसाठी एटेनोलॉल, मेटोप्रोलॉलसारख्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांनी विचारलं नाही तरी त्यांना आधीच सांगून टाका. सर्दीची झोप आणणारी गोळी पण मेडिकलमधून सहज आणू नका, ती तोंड सुकवते, म्हणजे एकीकडे भरायचं नि दुसरीकडे सांडायचं.

धाप लागली, छातीत घरघर, नाडी फार मंद, बेशुद्ध पडणं, डोळा अचानक दुखणं, यातलं काहीही झालं तर सकाळची वाट न बघता हॉस्पिटल.

आणि गोळी घेतल्यावर अर्ध्या तासात तोंड थोडं ओलं वाटलं तरी खरा फायदा कळायला 12 आठवडे लागू शकतात, ग्रंथी किरणांनी पूर्णच गेल्या असतील तर काहीच होत नाही, तेव्हा मग कृत्रिम लाळेचा स्प्रे. बाबांना सहाव्या आठवड्यात फरक पडला, घाम अजून येतोच, आता बनियनं डझनाने आणतो.